बागेतल्या आगगाडीचे स्प्रिंगचे सांधे : पावसाळ्यात ते निगुतीने कसे राखावेत?

कुळागर

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यात, आमच्या घरामागच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेने गेली चार वर्षे माझी ४५ मि.मी. गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) छोटी आगगाडी धावते आहे. १:२२.५ हे प्रमाण धरले की ४५ मि.मी. म्हणजे जवळजवळ मीटरगेज होते, आणि मुरगावहून निघून घाट चढत कॅसल रॉकला जाणारा, १८८८ साली पुरा झालेला आपला जुना लोहमार्ग मीटरगेजचाच होता, म्हणून मी हे माप निवडले. नव्वदच्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला. बागेत तरी तो पूर्वीच्या रूपात राहावा, एवढीच इच्छा होती.

चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) चौथऱ्यावर पितळी रूळ टाकलेले आहेत. स्टेशन एकच आहे आणि तिथे दोन रूळ असून दोन्ही टोकांना, जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, स्प्रिंगचे सांधे बसवले आहेत. आत येणारी गाडी नेहमी डाव्या रुळावर जाते, आणि बाहेर पडताना समोरच्या सांध्याची जीभ (वाट ठरवणारी सरकती टोकदार पट्टी) आपल्याच चाकांनी बाजूला सारून निघून जाते. शेवटचे चाक गेले की स्प्रिंग जिभेला पुन्हा जागेवर आणते. त्यामुळे दोन गाड्या समोरासमोरून सोडल्या तरी कोणाला हात लावावा लागत नाही. तीन वर्षे हे काम बिनतक्रार चालले.

यंदा मृग लागल्यापासून पूर्वेकडचा सांधा बिघडला आहे. आधी असे होऊ लागले की गाडी गेल्यावर जीभ पूर्ण मिटत नसे, मुख्य रुळापासून जेमतेम एक मिलिमीटर दूर राही आणि पुढच्या फेरीला इंजिनाचे पहिले चाक त्या फटीत शिरे. स्प्रिंग थकली असावी असे वाटून मी स्प्रिंग म्हणून लावलेल्या ०.५ मि.मी.च्या सरळ तारेच्या जागी ०.६ मि.मी. तार बसवली. आता जीभ घट्ट मिटते, पण रिकामे डबे बाहेर पडताना जिभेवर चढून रुळाबाहेर जातात, तर इंजिन आणि भरलेले डबे मात्र सुखरूप जातात. एक दुखणे काढताना दुसरे उभे राहिले आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी भावंडे आणि मुले जमतात तेव्हा गाडी चालू असावी असा आग्रह असतो. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

जुना सांधेवाला

कुळागरबाब, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले. माझे सारे आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेले आणि निवृत्तीनंतर मीही बागेत रूळ टाकले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सांध्याला दोन बाजूंनी गाड्या भेटतात. जिभेच्या टोकासमोरून येणाऱ्या गाडीला जीभ पूर्ण मिटलेली हवी असते. फाट्याकडून, म्हणजे पाठीकडून येणाऱ्या गाडीला तीच जीभ सहज सरणारी हवी असते. स्प्रिंगच्या सांध्यात या दोन्ही मागण्या एकाच तारेवर येऊन पडतात आणि म्हणून तिचा जोर फार अरुंद पट्ट्यात बसवावा लागतो. आपण त्या पट्ट्याच्या एका टोकावरून उडी मारून दुसऱ्या टोकाच्या पलीकडे गेला आहात. सरळ तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५ ऐवजी ०.६ म्हणजे जाडी दीडपटही झालेली नाही असे वाटते, पण १.२ चा चौथा घात २.०७ होतो, म्हणजे जोर दुपटीहून थोडा अधिकच झाला. उलट लांबीचा हिशेब घनाचा आहे. तीच तार ३६ मि.मी. मोकळी ठेवण्याऐवजी ४५ मि.मी. ठेवली तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. जाडी बदलणे हे घणाचे काम आहे, लांबी बदलणे हे छिन्नीचे. बारीक दुरुस्ती नेहमी लांबीने करावी.

पण माझे मुख्य सांगणे वेगळे आहे. तीन वर्षे जी स्प्रिंग पुरेशी होती ती एका पावसात थकत नाही. तिला जे ओढावे लागते ते जड झाले आहे. म्हणून तार काढून ठेवा. टायबार (जिभा हलवणारी आडवी पट्टी) मोकळा करा आणि जीभ नुसत्या करंगळीने इकडून तिकडे हलवून पाहा. ती कुठेही अडखळली, खरखरली किंवा शेवटच्या मिलिमीटरला फुगल्यासारखी वाटली, तर दोष तिथे आहे आणि तो गेल्याशिवाय कोणतीही स्प्रिंग लावू नये. जीभ मोकळी झाली की मग जी मिटवू शकेल अशी सर्वांत हलकी स्प्रिंग निवडायची.

जोर मोजण्याची एक घरगुती रीत देतो. टायबारच्या टोकाला शिवणाचा दोरा बांधा, तो एका गुळगुळीत गोल खिळ्यावरून खाली सोडा आणि त्याला कागदी पेला लटकवा. पेल्यात दहा रुपयांची नाणी एकेक करून हळूच ठेवत जा. एक नाणे पावणेआठ ग्रॅमच्या जरासे खालीच भरते. कितव्या नाण्याला जीभ पूर्ण दुसऱ्या बाजूला गेली ते वहीत लिहा. आपल्या रिकाम्या डब्याचे वजनही स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि एका चाकावर किती भार येतो ते काढा. मग बोलू.

---

खारा वारा

मी बाणावलीला राहते आणि आमच्या अंगणापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणून गंजाच्या बाबतीत माझा अनुभव आपल्यापेक्षा कडू आहे. सांधेवालेबाबांनी जोराबद्दल लिहिले, मी तारेच्या जातीबद्दल लिहिते.

साधी पोलादी स्प्रिंगची तार, जिला आपण पियानो वायर म्हणतो, ती पितळी रुळाला किंवा पितळी खिळ्याला चिकटून खाऱ्या ओलाव्यात राहिली की दोन्ही धातूंचा मिळून एक लहानसा विजेचा घट तयार होतो आणि त्यात पोलादाचाच बळी जातो. माझी पहिली तार बाहेरून नुसती तांबूस दिसत होती. काढली तेव्हा पितळी नळीत ती जिथे शिरत होती त्या तोंडाशीच खाल्ली जाऊन निम्मी उरली होती, आणि तार वाकते तीही नेमकी तिथेच. तेव्हापासून मी स्टेनलेसची स्प्रिंग तार वापरते. मऊ बांधणीची स्टेनलेस तार नको, ती वाकली की वाकलेलीच राहते. दुकानात स्प्रिंगची म्हणून वेगळी मागावी लागते. फॉस्फर ब्राँझची तारही खाऱ्या हवेत उत्तम टिकते, फक्त ती पोलादापेक्षा बरीच नरम असल्याने तेवढ्याच जोरासाठी लांबी कमी किंवा जाडी थोडी अधिक घ्यावी लागते.

आणि तेलाबद्दल एक कळकळीची विनंती. जीभ अडली की हात आपोआप खोबरेलाच्या बाटलीकडे किंवा गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याकडे जातो. दोन्ही टाळावेत. खोबरेल काही दिवसांत चिकट होते. गंजाचा फवारा अडकलेला स्क्रू सोडवायला चांगला, पण तो उडून गेल्यावर मागे राहणारा पातळ थर धूळ धरून ठेवतो, आणि आपल्याकडची तांबडी धूळ त्यात मिसळली की तिचा लेप होतो. शिवणयंत्राच्या तेलाचेही तेच. खनिज तेलाने काही प्लॅस्टिकना तडे जातात, आणि आपले स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) प्लॅस्टिकचे आहेत. मी जिभेखालची बैठक स्वच्छ पुसून कोरडी करते आणि कापसाच्या काडीने सिलिकॉनचा अगदी हलका हात फिरवते. पेन्सिलीचे शिसे घासूनही काम भागते, पण शिशातले ग्रॅफाइट वीज वाहून नेते, म्हणून रुळांतून वीज देत असाल तर ते फ्रॉगजवळच्या (दोन वाटांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या) विलग केलेल्या फटीत जाऊ देऊ नये. सिलिकॉन रुळाच्या माथ्यावर तर मुळीच लागू नये, नाहीतर चढावर इंजिनाची चाके जागीच फिरू लागतात.

---

तार आणि वीज

वाद घालण्याचा हेतू नाही, पण एक प्रामाणिक प्रश्न आहे. आज लहान सर्वो मोटर स्वस्त मिळते आणि तिला पावसापासून झाकणेही फारसे अवघड नाही. मग एवढी तारांची आणि नाण्यांची कसरत कशासाठी? प्रत्येक सांध्याला मोटर लावली तर जीभ मिटण्याची आणि सरण्याची अशा दोन्ही चिंता मिटतील.

---

जुना सांधेवाला

प्रश्न योग्यच आहे. यार्डात, जिथे गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे न्यायची असते, तिथे मोटरच हवी आणि मीही लावली आहे. पण मोटरचा सांधा चुकीच्या बाजूला लागलेला असताना पाठीकडून गाडी आली तर एक तर डबा उतरतो किंवा मोटरचे दाते तुटतात. स्प्रिंगच्या सांध्याला चुकीची बाजूच नसते. ज्या लूपमध्ये (मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या जोडरुळात) गाड्यांची वाट कायमची ठरलेली आहे तिथे स्प्रिंग हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि हे केवळ खेळण्यापुरते खरे नाही. ट्रामच्या एकेरी मार्गांवर गाड्या एकमेकींना ओलांडत त्या लूपमध्ये असेच सांधे वापरले गेले. स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड मार्गावर १९८० च्या दशकात रेडिओवर चालणारी टोकन पद्धत (एका पट्ट्यात एका वेळी एकाच गाडीला परवाना देणारी) आली तेव्हा लूपच्या टोकांना गाडीच्याच चाकांनी सरणारे आणि दाबाने परत येणारे सांधे बसवले गेले, म्हणजे त्या दुर्गम स्टेशनांवर सांधे लावायला माणूस ठेवावा लागला नाही.

खऱ्या रेल्वेत आणि आपल्यात एक फरक मात्र लक्षात ठेवावा. तिथे स्प्रिंगच्या जोडीला तेलाचा दट्ट्या असतो. तो जिभेला सावकाश परत येऊ देतो, म्हणून दोन चाकांच्या मधल्या अंतरात ती धाडकन मिटत नाही. आपल्याकडे जीभ प्रत्येक चाकाबरोबर उघडते आणि मिटते. चार डब्यांची गाडी गेली की तो टकटक आवाज ऐकायला गोड वाटतो, पण त्या प्रत्येक टोल्याने टायबारमधले भोक थोडे रुंदावते. स्प्रिंग हलकी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

---

पहिली शिट्टी

मी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर क्षमा असावी. गाडी स्प्रिंगच्या सांध्यातून अर्धी बाहेर पडली असताना थांबवून मागे घेतली तर चालते का? माझी गाडी त्या वेळी दर खेपेला उतरते.

---

कुळागर

नाही, तेवढे एक कधीही करू नये, आणि याचे उत्तर मी देऊ शकतो कारण पहिल्या वर्षी मीही तेच केले होते. जी चाके जिभेला सारून पुढे गेली त्यांच्यामागे जीभ मिटलेली असते. आता तीच चाके उलटी आली की त्यांच्यासाठी सांधा टोकासमोरचा होतो आणि ती डाव्या रुळावर वळतात, तर जी चाके अजून सांध्याच्या अलीकडेच आहेत ती उजव्या रुळावर असतात. एकाच डब्याची पुढची चाके एका वाटेने आणि मागची दुसऱ्या वाटेने निघाली की डबा आडवा होणारच. गाडी पूर्ण बाहेर काढावी आणि मगच उलटी आणावी. अर्थात ती मग दुसऱ्या रुळावर येईल, हे धरून चालावे. मी सांध्यापासून एका गाडीच्या लांबीवर एक पांढरी खुंटी रोवली आहे आणि इंजिन खुंटीपर्यंत पोचेपर्यंत दिशा बदलायची नाही, असा नियम मुलांना घालून दिला आहे.

आता माझ्या सांध्याचा वृत्तान्त. काल पाऊस दुपारी उघडला तेव्हा सांगितल्याप्रमाणे तार काढून टायबार मोकळा केला. जीभ अर्ध्या वाटेपर्यंत छान सरकली आणि शेवटच्या दीड मिलिमीटरला ओल्या वाळूत बोट रुतावे तशी रुतली. झाकण काढून जिभेखाली टॉर्च मारला. बैठकीवर जांभ्याच्या बारीक गाळाचा थर होता, लोण्यासारखा मऊ आणि विटकरी. जीभ आणि मुख्य रूळ यांच्या मधल्या कोपऱ्यात बकुळीची दोन फुले चेपून बसली होती. शेजारी ओवळ, म्हणजे बकुळीचे झाड आहे. तिची फुले सुकली तरी चामड्यासारखी चिवट राहतात आणि आकाराने नेमकी त्या फटीत मावतात. इतकी वर्षे मी ती रुळावरून कौतुकाने वेचून घरात आणत होतो. त्यातली दोन जिभेआड गेलेली मला दिसलीच नव्हती.

नाण्यांचा हिशेब असा आहे. ०.६ च्या तारेला अकराव्या नाण्याला जीभ गेली, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. जुनी ०.५ ची तार, त्याच ३६ मि.मी. लांबीवर आणि सांधा स्वच्छ केल्यानंतर, पाचव्या नाण्याला गेली. माझा रिकामा डबा ४८० ग्रॅमचा आहे, म्हणजे एका चाकावर १२०. ज्या चाकावर एवढाच भार आहे त्याने ८५ ग्रॅमची जीभ ढकलायची, तर ढकलण्यापेक्षा वर चढणे त्याला सोपे वाटावे यात नवल नाही.

---

जुना सांधेवाला

आकडे अगदी हिशेबात बसले. पाच नाण्यांची दुप्पट दहा आणि थोडे वर, म्हणजे अकरावे. आता पाचाहूनही खाली येऊन पाहा. माझ्या बागेत तीन ते चार नाणी पुरतात. हलक्या तारेवर जीभ खरोखर मिटते की नुसती मिटल्यासारखी दिसते, हे पाहण्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी जीभ आणि रूळ यांच्या मध्ये धरून जीभ हळूहळू सोडा. झटक्याने सोडली तर ती वेगाने मिटते आणि दोष लपतो. पट्टी ओढल्यावर धरल्यासारखी वाटली पाहिजे. सहज सुटून आली तर तारेला हात न लावता पुन्हा बैठक तपासा.

त्याचबरोबर डब्यांच्या चाकांमधले आतले अंतर व्हर्नियरने मोजा. मी ४० मि.मी. धरून चालतो. एखाद्या जोडीत ते कमी भरले तर चाक जिभेच्या पाठीला नको तिथे घासते आणि दोष सांध्याच्या माथी येतो.

---

खारा वारा

गाळाचे मूळ खडीत असते, म्हणून एक विचारते. रुळाखाली आपण काय पसरले आहे? किनाऱ्याची वाळू असेल तर ती आजच काढावी. ती बारीक असते, वाऱ्याने उडते आणि खारी असते. त्यातले काळे कण तर इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

---

कुळागर

ताई, वाळू नाही, पण चूक तशीच होती. रंग पुरातन दिसावा म्हणून मी चिऱ्यांचाच चुरा पसरला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्या माऱ्याखाली जांभ्याचा चुरा पीठ होऊन उडतो. पावसाच्या थेंबाबरोबर तो जिभेच्या उंचीपर्यंत चढलेला मी पानांवरच्या शिंतोड्यांत पाहिला आहे.

आता सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत तो सारा काढला आणि क्रशरवरची पाच-सहा मि.मी.ची काळी खडी तीन पाणी धुऊन घातली. टायबारखाली मुळीच खडी ठेवली नाही. तिथे चिऱ्यात बोटभर खोल खाच कोरून तिला चौथऱ्याबाहेर उतार काढून दिला आहे. पाणी ओतून पाहिले, ते लगेच निघून जाते.

---

खारा वारा

उत्तम. मग उन्हाळ्याचीही एक गोष्ट आताच करून ठेवा. पितळ तापल्यावर लांबते, दहा मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ पावणेसहा मिलिमीटर वाढतो. सांध्याच्या दोन्ही अंगांना रूळ घट्ट आवळलेले असतील तर एप्रिलच्या दुपारी तो सारा दाब सांध्यावर येतो, गेज किंचित बदलते आणि जीभ अडते. संध्याकाळी ती पुन्हा सुरळीत चालते, त्यामुळे कारण सापडतच नाही. मी तीन महिने शोधत होते. सांधा एकाच टोकाला पक्का बांधावा आणि दुसऱ्या टोकाला सरकता जोड ठेवावा.

---

कुळागर

चवथ झाली, पाहुणे गेले, आणि आता शेवटचा अहवाल लिहायला बसलो आहे.

पणजीच्या एका दुकानात ०.५ मि.मी. ची स्टेनलेस स्प्रिंग तार मिळाली. ती ४० मि.मी. मोकळी ठेवून बसवली. जीभ चौथ्या नाण्याला सरते आणि कागदाची पट्टी धरून ठेवते. पश्चिमेचा सांधा बिनतक्रार होता, तरी तोही उघडला. तिथेही गाळ साचायला लागलाच होता आणि पोलादी तार खिळ्याच्या तोंडाशी, ताईंनी लिहिल्याप्रमाणे, तांबूस झाली होती. तीही बदलली.

मध्येच एक नवा दोष दिसला. तार हलकी झाल्यावर बाहेर पडणारे इंजिन सांध्यावर क्षणभर मंदावू लागले. जिभेला वीज मिळत होती ती केवळ मुख्य रुळाला टेकल्यामुळे. आधीच्या कडक तारेने तो स्पर्श घट्ट ठेवला होता, आणि चाक जिभेला सारते तेव्हा तो तसाही तुटतोच. जिभेच्या मुळाशी बारीक तारांची लवचीक वायर डाख देऊन त्या बाजूच्या रुळाला जोडली. वायरला अर्धा वळसा सैल ठेवला, नाहीतर तीच दुसरी स्प्रिंग होऊन बसते. डाख देण्याआधी शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवला होता, त्यामुळे प्लॅस्टिकला धग लागली नाही.

चवथीच्या पाच दिवसांत गाड्या सकाळ-संध्याकाळ धावल्या. रिकामा डबा एकदाच उतरला, आणि तोही धाकट्या पुतण्याने खुंटीच्या आधी गाडी मागे घेतली म्हणून. आता रोज पहिल्या फेरीआधी दाढीच्या जुन्या ब्रशने जिभेआडची फुले झाडतो आणि करंगळीने जीभ एकदा हलवून पाहतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण काढून बैठक पुसायची आणि नाण्यांचा आकडा वहीत लिहायचा, असे ठरवले आहे. आजचा आकडा दोन्ही सांध्यांना चारच आहे. सांधेवालेबाब आणि ताई, आपले मनापासून आभार. ओवळीची फांदी छाटण्याचा सल्ला घरातून आला होता, पण ती तशीच ठेवली आहे.